आलापल्लीच्या गाडीनं गेलेला हीटर

ऊर्जानगर, २८ नोव्हेंबर

विहीणबाई सुकरीबाई यांना कमलाचा जय भीम, आणि तुमच्याकडचा सेवा जोहार.

हे पत्र अंगणवाडीची रंजीता तुम्हाला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तिला आधीच बजावते. पोरी, जे लिहिलंय तेच वाच. मधे आपली साखर पेरू नको, आणि मीठ तर मुळीच नको.

मी फोन खूप लावले. तुमच्या टोल्यावर, त्या रानातल्या वस्तीत, टॉवर नाही हे कबूल, पण लोकेश रोज आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला जातो आणि तिथं टॉवर आहे. जावई फोन उचलत नाही याचा अर्थ न कळण्याइतकी मी भोळी नाही. म्हणून आलापल्लीवरून जाणाऱ्या अहेरीच्या गाडीचा कंडक्टर वारलू, त्याच्या हाती हे पाठवतेय. तो तुमच्याच बाजूचा आहे, पोचवीन म्हणाला.

दीपिकाला माती दिली त्या दिवशी मी तुमच्या अंगणात काय काय बोलले ते अख्ख्या टोल्यानं ऐकलं. माझी एकुलती एक लेक बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी रक्त जाऊन गेली, आणि मी पोचले तेव्हा तुम्ही तिला न्यायला निघालाही होतात. आमच्या घरात अग्नी देतात. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. तुमच्या घरचं पाणीही न पिता मी परत फिरले. त्यावर आज लिहीत नाही. लिहायला बसले तर पुन्हा भांडण होईल, आणि आज मला भांडायचं नाही, मागायचं आहे.

थंडीपुरती पोर माझ्याकडे द्या.

तुम्ही तिला जानो म्हणता, मी आम्रपाली म्हणते. तिला अजून दोन्ही कळत नाही, तेव्हा त्यावरून वाद नको. पण थंडी तिला कळते. तुमच्या घराच्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, मातीनं लिंपलेल्या, वर कवेलूचं छप्पर, आणि मधे बोट जाईल एवढ्या फटी. रात्री तुम्ही खाटेजवळ लाकडं पेटवता. गेल्या थंडीत आले होते तेव्हा त्या धुरानं माझेच डोळे चुरचुरले होते, तिची तर छाती एवढीशी. आमचं क्वार्टर लहान असलं तरी पक्कं आहे, खिडक्या नीट लागतात. शिमगा झाला की आणून सोडते. शब्द देते.

यांनाही सांगून पाहिलं की तुम्ही लिहा. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तूच भांडून आली, तूच लिही." तर मीच लिहिलं.

तुमची विहीण,
कमला


ऊर्जानगर, ११ डिसेंबर

विहीणबाई यांना जय भीम.

तुमचा निरोप मिळाला. वारलूनं बस स्टँडवर चार माणसांत मोठ्यानं सांगितला. "सुकरीबाईनं सांगतलं का पोरगी आपल्या घरीच राहीन. थंडी तं साऱ्याइलेच लागते." एवढंच. मी त्याला विचारलं, आणखी काही? तर म्हणतो, "नाई बाई, मंग ते शेण भराले गेली."

खोटं कशाला बोलू, मला फार राग आला. दोन दिवस मी यांच्याशी धड बोलले नाही, त्यांचा काही संबंध नसताना. पण राग करून पोरीला ऊब मिळत नाही. तुम्ही पोर पाठवत नसाल तर मी ऊब पाठवते.

गोल बाजारात नानाजीच्या दुकानात गेले आणि हीटर दाखव म्हटलं. तो हसायलाच लागला. "चंद्रपुरात हीटर? बाई, कूलर न्या ना, सस्त्यात देतो." आपल्या गावाचं उन्हाळ्याचं नाव एवढं मोठं की हिवाळ्यात कुणाला थंडी वाजली तर दुकानदाराला थट्टा वाटते. मी म्हटलं, माझी नात जंगलात आहे, तिथल्या पहाटेला तुझा कूलर चालतो का? तेव्हा त्यानं माळ्यावरून खोकी काढली.

आधी दाखवला तारेचा, लालभडक पेटणारा. लगेच ऊब देतो, पण गोधडीचं टोक लागलं की संपलं, आणि उद्या पोर रांगत गेली तर हात थेट जाळीत. तो नको म्हटलं. मग पंख्याचा. गरम वारा फेकतो, पण आवाज पिठाच्या गिरणीसारखा, आणि घसा कोरडा पडतो म्हणे. गॅसवर चालणाराही होता. तो खोलीतली हवाच खातो, असं नानाजी स्वतःच म्हणाला, बंद घरात लावू नका. शेवटी तेलाचा काढला. लोखंडाच्या पात्यांचा, चाकांवर उभा. आत तेल असतं, ते जळत नाही, नुसतं तापतं. तार उघडी नाही, धूर नाही, आवाज नाही. तापायला वेळ लावतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो. खोली तापली की आपोआप थांबतो, आणि कलंडला तरी बंद पडतो. महाग आहे पण शहाणा आहे. तोच घेतला.

आता रंजीता, हे दोनदा वाच. हीटर भिंतीतल्या जाड पिनेच्या पावर प्लगलाच लावायचा. तुमच्याकडे तो नसेल, लोकेशला सांगून वायरमनकडून बसवून घ्या. लोंबती वायर जोडून लावायचा नाही, ती वितळते. खाटेपासून तीन हात लांब ठेवायचा. त्यावर लंगोट वाळत घालायचे नाहीत, मोह होईल पण नाहीच घालायचे. झोपायच्या आधी खोली तापवून घ्यायची आणि मग बंद करायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीच्या फटी. ऊब बाहेर गेली तर हीटर नुसती वीज पीत बसेल. फटी मातीनं बुजवा, कवेलूच्या खालून ताडपत्री मारा, दाराखाली पोतं सरकवा. आणि तो धूर तेवढा बंद करा. माझ्या नातीच्या छातीत धूर जाता कामा नये, एवढंच माझं मागणं आहे. पोर दिली नाहीत, हे तरी ऐका.

हे पस्तीस वर्षं पॉवर स्टेशनात आहेत. घरातला बल्ब मात्र मीच स्टुलावर चढून बदलते. त्यांनी हीटर आमच्या खोलीत लावून बघितला आणि "झकास आहे" म्हणाले. त्यांचं झकास सहसा कशाला मिळत नाही.

वारलूनं खोकं ड्रायव्हरच्या मागं ठेवलं आहे.

कमला


ऊर्जानगर, १९ डिसेंबर

विहीणबाई,

काल लोकेशचा फोन आला. दीपिका गेल्यापासून पहिल्यांदा. मिनिटभरच बोलला, पण "आई" म्हणाला. हीटर पोचला, वायरमन येऊन प्लग बसवून गेला, म्हणाला. आणि तुम्ही स्वतः चिखल तुडवून सगळ्या फटी बुजवल्यात, डेपोतून त्यानं आणलेली ताडपत्री आतून बांधलीत, रंजीताकडून माझं पत्र तीनदा वाचून घेतलंत. "मायनं एक फट ठेवली नाई," असं म्हणाला तो.

तुम्ही माझं काही ऐकाल असं मला वाटलं नव्हतं. मी तुम्हाला दगड समजत होते. त्या दिवशी सगळा टोला रडत होता आणि तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, ते मी मनात धरून ठेवलं होतं. ते आजही पुरतं सुटलेलं नाही, पण थोडं सैल झालंय.

दीपिका लहान होती तेव्हा थंडीत माझ्या पोटाशी पाय लावून झोपायची. बर्फासारखे पाय. मी ओरडायची, आणि ती आणखीच चिकटायची. नर्सची नोकरी लागून तुमच्या बाजूला आली तेव्हा मी तिला दोन जोड पायमोजे दिले होते. तुमच्याकडे असतील कुठेतरी. पोरीला मोठे होतील, पण ठेवा.

हीटर लावलात की पोर कशी झोपते ते कळवा. वारलूकडे नुसतं "झोपते" म्हणून पाठवलंत तरी चालेल.

कमला


ऊर्जानगर, ३० डिसेंबर, दुपार

सुकरीबाई,

रंजीता, हे हातात पडताच धावत जा आणि वाच. नाही, आधी जाऊन ताडपत्री फाड, मग वाच.

आत्ता वारलू हीटर परत घेऊन आला. चार दिवसांपूर्वीच त्याच्याकडे दिला होता म्हणे, पण इकडची पाळी त्याला आज लागली. खोक्यात हीटर आणि चारोळीचं एक गाठोडं. निरोप काही नाही. मीच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, तुमचा हीटर लावला तसे साऱ्या टोल्याचे बल्ब लाल झाले, अन् मंग डीपीच उडाली ना. दोन दिवस गावात अंधार. आता कोनी त्याले हात लावत नाई."

आम्ही ऊर्जानगरची माणसं. आमच्याकडे लाईट जात नाही, म्हणून ती कुठे अपुरी असते हे आम्हाला सुचलंच नाही. मला नाही, यांनाही नाही. माझ्यामुळे गाव अंधारात गेलं असं तुम्ही एका शब्दानं कळवलं नाहीत, वर चारोळी पाठवलीत. पण ते आता राहू द्या.

वारलू पुढे म्हणाला, "म्हातारी भल्ली हुशार. धूर नोको म्हून लाकडं बाहीरच जाळते, अन् नुसता इस्तो घमेल्यात भरून आत ठेवते. फटी बुजवल्यानं घर लय गरम राह्यते म्हने."

सुकरीबाई, तो विस्तव आत ठेवू नका! एकही रात्र नको! बंद खोलीतल्या निखाऱ्याचा धूर दिसत नाही, पण त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. आमच्याकडे दर थंडीला अशी एखादी बातमी येते, सिगडी घेऊन दार लावून झोपलेल्यांची. फटी होत्या तोवर तुमचा विस्तव तुम्हाला काही करत नव्हता. यांना सांगितलं तर ते पांढरे पडले आणि म्हणाले, "तू अजून उभी काऊन आहेस?"

लोकेशचा फोन लागत नाही. हे पत्र वारलू आत्ताच्या गाडीनं आणतोय. मी उद्या पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघते.

कमला


ऊर्जानगर, ४ जानेवारी

विहीणबाई यांना जय भीम, सेवा जोहार.

सुखरूप पोचले. खरं तर आपण भेटलो, तेव्हा लिहिण्यासारखं काही उरू नये. पण तुमच्या अंगणात मी जेवढं बोलले त्याच्या आधी मी बराच वेळ बोललेच नव्हते, ते तुम्हाला कळायला हवं.

मी आले तेव्हा तुम्ही उन्हात पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. रंजीता वाटेतच भेटली होती. पत्र रात्रीच पोचलं, पण त्याच्या दोन दिवस आधीच व्हायचं ते होऊन गेलं, असं तिनं सांगितलं. सकाळी लोकेश डेपोतल्या पाळीवरून आला तेव्हा तुम्ही दारात ओकत होता, आणि पोर हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. त्यानं तिला पोटाशी बांधून मोटरसायकलवर दवाखान्यात नेलं. तिथं ऑक्सिजनची नळी लावली आणि संध्याकाळपर्यंत तिनं दूध घेतलं. उरलेल्या वाटेनं रंजीतानं मला हात धरून आणलं.

अंगणात आले तर तुम्ही उठलात, पोर माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "घेऊन जा बाई हिले. माह्याच्यानं नाई झालं. डॉक्टरबाईनं इचारलं, बंद घरात इस्तो कोनं ठेवला? मी म्हनलं, मीनं."

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

पोर पहिल्यांदा माझ्या हातात होती. जड होती, मला वाटलं त्याहून जड. तिची कानाची पाळी अगदी दीपिकाची. तिनं माझा पदर मुठीत धरला आणि सोडेना. लोकेशनं काळा चहा आणून दिला, तो मी घेतला, आणि चहा पिता पिता माझ्या मनात पाळणा कुठे बांधायचा ते ठरतही होतं. आमच्या खिडकीपाशी कडी आहे. दुधाचा डबा कुठून घ्यायचा, यांना किती आनंद होईल, सगळं मी बघत होते. तुम्ही आपणहून दिली होती. मी काही खोटं बोलले नव्हते, नुसती गप्प होते. दुपारची गाडी मिळाली असती.

मग तुम्ही तिचे कपडे बांधायला बसलात. चार झबली, त्यातलं एक दीपिकाच्या साडीचं. घड्या घालता घालता मला समजावून सांगत होता. "रडली तं पालथी घेजो बाई, पाठीवर थापटजो. सरळ घेतली का जास्तच रडते. कोमट दूध नाई पित, जरासक गरमच पाह्यजे." आणि मग खाली बघून म्हणालात, "इस्त्याजवळ नोको ठेवजो. माह्यासारखं नोको करजो."

ते मला ऐकवेना. मी म्हणाले, "फटी बुजवा हे मी लिहिलं. धूर नको हे मी लिहिलं. तुमचं घर आजवर श्वास घेत होतं, ते मी बंद करवलं. तुम्ही फक्त माझं ऐकलंत." रंजीता होती, लोकेश होता, शेजारची माणसं होती. मी मोठ्यानंच बोलले. भांडतानाही मोठ्यानंच बोलले होते.

तुम्ही झबलं हातात तसंच धरून बसलात. मग विचारलंत, "मंग माह्या हातानं नाई झालं?"

मी म्हणाले, नाही.

"खरंच नाई झालं?"

तेव्हा तुम्ही रडलात. मी कुणाला इतकं रडताना पाहिलेलं नाही, आणि मी स्वतः काही कमी रडले नाही या चार महिन्यांत. दीपिकाच्या वेळचंही त्यातच बाहेर पडत होतं, हे मला कळत होतं. तिच्या बाळंतपणातही तुम्ही स्वतःलाच दोषी धरून बसला होता का, विहीणबाई? म्हणून डोळे कोरडे होते का? तिचं रक्त तुम्ही थांबवू शकत नव्हता. मी असते तर मीही नसते थांबवू शकले. हे मी तिथं बोलले नाही, म्हणून इथं लिहिते.

रडणं ओसरलं तशी तुम्ही पदरानं तोंड पुसलंत आणि दोन्ही हात पुढे केलेत. काही मागितलं नाही, नुसते हात केलेत. पोरीनं माझा पदर सोडला नव्हता, तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

नंतर आपण दोघींनी विळ्यानं भिंतीची माती खरवडली. मला नीट जमत नव्हतं, तुम्ही हसलात एकदा. तुमच्या घरचं पाणी प्याले. दीपिकाला ठेवलं ती जागा तुम्ही मला दाखवलीत, मोहाच्या झाडाशी. जागा चांगली आहे. मला वाटलं होतं त्याहून चांगली आहे. अग्नी दिला असता तर मला बसायला ही एवढीही जागा उरली नसती, हे तिथं बसल्यावर कळलं.

निघताना तुम्ही म्हणालात, "मोहफुलाच्या दिवसात या बाई. तवा मले पहाटीच रानात जा लागते. पोरीजवळ आपलं कोनी पाह्यजे." येते. कधी निघायचं ते रंजीताला कळवायला सांगा, मी त्याच दिवशीच्या गाडीत बसते.

थंडी अजून महिनाभर आहे. विस्तव दाराशी ठेवा, दार उघडं ठेवा, आणि पोरीला तुमच्या अंगाशी घ्या. मी खूप हीटर बघितले, खूप विचारलं. तुमच्या घराला याहून बरं काही मला सापडलं नाही.

त्या रात्री घरी पोचले तर हे फाटकाशी उभे होते. क्वार्टरच्या दिव्याखाली, स्वेटर न घालता. माझ्या खांद्याकडे बघितलं, मग हातांकडे. म्हणाले, "काऊन? पोरीला आणनार होतीस ना?"

मी म्हणाले, हो. हातात आली होती.

तुमची,
कमला